निळ्या ताटांच्या पाठी

मंगळवार, १२ एप्रिल १९८८. सकाळी लख्ख ऊन. मासे घेतले नाहीत, डोळे मेलेले होते. नऊला बाबा कोह यांच्याकडे. काल चिकटवलेला वाडगा वाळला, सांधा घट्ट. अकराला रोझी लिम आली. आजपासून तीही काम करणार. स्वतःचे ब्रश घेऊन आली आहे, नऊ. चार ते पाच पाऊस. मुलीचा सिंगापूरहून फोन, सगळे ठीक.

वहीत एवढंच आहे. लियान नेओ साठ वर्षं रोज वही लिहीत होती. वहीत काय घडलं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही, हा नियम कॉन्व्हेंटातल्या मदर फिलोमीनने घालून दिला होता. "वाटलं ते देवाला सांगा, मुलींनो. त्याला सवय आहे." त्यामुळे त्या मंगळवारी रोझीला दारात बघून लियानला काय वाटलं ते वहीत सापडत नाही. ब्रश मात्र मोजलेले सापडतात.

बाबा कोह यांचं घर मलाक्क्यात हीरेन स्ट्रीटवर. रस्त्याकडे तोंड अरुंद आणि मागे पोट लांबच लांब, पार समुद्राच्या चिखलापर्यंत. आमच्यात, म्हणजे मलाक्क्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या चिनी घरांत, पुरुषाला बाबा म्हणतात आणि बाईला न्योन्या. तसे हे बाबा कोह: साठीचे, पोट सुटलेले, वडिलांनी रबरात मिळवलेलं बसून खाणारे. त्यांना नाद एकच, जुनी निळी चिनी मातीची भांडी. लग्नातली गुलाबी-हिरवी भांडी सगळेच मिरवतात. निळी-पांढरी म्हणजे सुतकाची. घरात मरण आलं की तीन वर्षं त्याच ताटांत जेवायचं, पितरांपुढे तीच मांडायची. सुतक फिटलं की ती माळ्यावर जायची आणि तिथे उंदीर नि पोरं मिळून त्यांची वाट लावायची. ही फुटकी निळाई बाबा कोह वीस वर्षं गोळा करत होते, आणि त्यातली सोळा वर्षं लियान ती जोडत होती.

चौकाला लागून असलेल्या खोलीत तिचं मेज होतं. मेजावर बारीक वाळूची परात असायची, कारण चिकटवलेलं भांडं वाळूत तिरकं रोवून ठेवलं की तुकडा आपल्याच वजनाने जागेवर बसतो. मेजाखाली वेताची टोपली होती आणि टोपलीत कामचेंग, म्हणजे झाकणाची मोठी बरणी. पोटावर निळे पक्षी आणि कमळं, झाकणाला सिंहाची मूठ. झाकण अखंड, पोटाचे अकरा तुकडे. एवढा मोठा निळा कामचेंग उभ्या मलाक्क्यात दुसरा नव्हता. दर वर्षी नव्या वर्षाचा सण उरकला की लियान विचारायची, "बाबा, या वर्षी टोपली उघडू?" आणि बाबा कोह म्हणायचे, "घाई काय आहे, बिबिक?" बिबिक म्हणजे म्हातारी बाई, मानाची.

आता घाई झाली होती. ऑगस्टात घराच्या पुढच्या तीन खोल्या लोकांना बघायला उघडणार होत्या, आणि मधल्या खोलीत मधोमध कामचेंग हवा होता. लियानचा डावा अंगठा पहाटे आखडू लागला होता. या वर्षी तिच्या हातून झाला तर झाला. आणि नेमकी आताच रोझी आली.

"वाईट वाटून घेऊ नका हं, बिबिक," बाबा कोह म्हणाले. "दोनाचे चार हात झाले की काम पटकन उरकेल."

"दोनाचे चार हात लग्नात होतात, बाबा. कामात नुसता गलका वाढतो."

रोझी खळखळून हसली. सत्तरीला टेकलेल्या बाईला असं हसू शोभत नाही, असं लियानला वाटलं. आणि शोभत होतं, म्हणून जास्तच लागलं.

"तीच जीभ!" रोझी म्हणाली. "आंटी रोझीला सांभाळून घ्या हं, ताची." ताची म्हणजे थोरली बहीण. रोझी लियानपेक्षा जेमतेम एका वर्षाने धाकटी. बाबा कोह तिला आंटी रोझी म्हणत आणि लियानला बिबिक. एका वर्षाच्या फरकात एक बाई आंटी राहते आणि दुसरी म्हातारी होते, हे गणित लियानने घरी जाताना वाटभर मांडून पाहिलं.

दोघी कॉन्व्हेंटात एकाच वर्गात होत्या. रोझी ओंगांची नात. ओंगांचा वाडाच असा होता की मिरवणुका त्याच्या दाराशी वळायच्या. ती मोटारीतून शाळेत यायची आणि मोटारवाला तिची पाटी आत आणून द्यायचा. लियान फुकटच्या जागेवर शिकत होती. तिचा बाप कारकून होता, तो लवकर गेला. आई काय करते, असं कोणी विचारलं की लियान सांगायची, "मोठ्या घरांत मण्यांचं भरतकाम शिकवायला जाते." सहावीपर्यंत ती हे इतक्या वेळा बोलली की आईच्या हातात सुई-दोरा आहे, असं तिलाच दिसायला लागलं.

आई भांडी घासायची. मोठ्या घरात मरण झालं की बाराव्याला, शंभराव्या दिवशी दोन-दोनशे माणसांच्या पंगती लांब मेजांवर बसायच्या. तेवढी निळी ताटं कुठल्याच घरात नसत. मग ओंग चाळीस द्यायचे, तान तीस, चिया पन्नास. पंगत उठली की सगळी एकत्र विहिरीवर यायची, आणि आई ती धुऊन घराघराप्रमाणे लावून द्यायची. ताट हरवलं तर दोन घरांत वर्षभर अबोला.

हे सगळं लियानने कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, स्वी हॉकलासुद्धा नाही. तो बिचारा विचारणाऱ्यातला नव्हता. एक्कावन्न साली तो तापाने गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. गल्लीच्या तोंडाशी एक चिनी म्हातारा बसायचा. फुटकं ताट दोन पावलांत धरून तो धनुष्याच्या दोरीने गिरमिट फिरवायचा आणि पितळेचे टाके घालून ताट शिवायचा. त्याचे डोळे जाऊ लागले होते. लियान रोज त्याच्या गिरमिटाला हिऱ्याची कणी बसवून द्यायची. तीन महिन्यांत ती ताट शिवायला लागली. पुढे चिकट द्रव्यं आली, टाके गेले, म्हातारा गेला. राहिला तो तिचा हात. सांधा असा बसवायची की नख फिरवलं तरी अडकू नये. सगळं मलाक्का हे मानत होतं. निळ्या रंगाबद्दल मात्र मलाक्का जरा गप्प असे.

कारण तिचा निळा मेलेला होता, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. जुन्या भांड्यावरचा निळा एकसारखा नसतो. कारागिराचा हात जिथे थबकला तिथे रंग साचून जवळजवळ काळा होतो, आणि जिथे हात पळाला तिथे पाण्यासारखा विरतो. लियान रेघ ओढायची ती शाळेतल्या नकाशातल्या समुद्रासारखी, सगळीकडे सारखी. सोळा वर्षं तिने तो निळा शिकायचा प्रयत्न केला. रोझीने पहिल्याच आठवड्यात वाडग्यावरचं गेलेलं कमळ भरलं. ब्रश टेकवला, थेंब साचू दिला, श्वास सोडला, ओढला. पाकळी उमलल्यासारखी दिसली.

"अगं बाई!" रोझी स्वतःच म्हणाली. "जमलं की!"

"वाळल्यावर बघू," लियान म्हणाली. "ओलं सगळंच छान दिसतं."

वाळल्यावर ते आणखी छान दिसलं.

मग ती बारा ताटं आली. मुआरच्या एका जुन्या बाजारवाल्याने आणून दिली होती, गवतात गुंडाळून. निळी, काठाला लाटांची नक्षी, काही टवके उडालेली, काहींना तेलाचे पिवळे डाग. बाबा कोह यांनी ती मेजावर मांडली आणि हात चोळले.

"सहा बिबिकची, सहा आंटींची. पाठीसुद्धा नीट करा बरं का. कपाटाच्या मागच्या बाजूला आरसा बसवतोय. पाठ चांगली नसेल तर आरशात लाज निघेल."

"आणि कामचेंग?" लियानने विचारलं.

बाबा कोह जरा घुटमळले. "तेच म्हणत होतो. ही ताटं झाली की बघू. ज्यांचं काम सरस, त्यांच्या मेजावर टोपली."

"अय्या, शाळेतली परीक्षा!" रोझी म्हणाली. "ताची नेहमी पहिली यायची. मी पाचवी."

"चौथी," लियान म्हणाली.

त्या दिवसापासून लियानला दुसरं काही सुचेना. रोझी डब्यात हिरवी नारळाची वडी आणायची आणि बाबा कोह दोन खाऊन तिसरीकडे बघत राहायचे. लियान घरून चिंचेतला मासा आणायची, त्याचं कोणी नाव काढायचं नाही. घरातली मांजर सोळा वर्षं लियानच्या पायाशी झोपत होती, ती रोझीच्या पिशवीत जाऊन झोपली. लियानने तिला हळूच एक पाय लावला आणि मग दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या. मांजरीचा काय दोष होता? पण दुसऱ्या दिवशी मांजर पुन्हा पिशवीत दिसली तेव्हा तिचं पुन्हा डोकं फिरलं.

तिने आपली सहा ताटं आधी टबात भिजत घातली, केसांचा रंग उडवायचं औषध लावून डाग काढले, मग कोमट साबणाच्या पाण्यात एकेक धुवायला घेतलं. तिसऱ्या ताटाच्या पाठीवरून अंगठा फिरला आणि थांबला.

तीन टिंबं एका रांगेत. चौथं जरा खाली, रांग चुकलेल्या मुलीसारखं.

तिने पाण्यातच डोळे मिटले. पहिलं ताट पुन्हा घेतलं. तीन, आणि खाली एक. दुसरं. चौथं. ताट बाहेर काढून पाहिलं असतं तर काय दिसलं असतं? चार काळपट खड्डे, भट्टीत पडावेत तसे. डोळ्यांना त्यातलं काही कळत नाही. आई म्हणायची, "डोळ्यांनी बघत बसशील तर पहाट होईल गं. बोटाने बघ." ताट शिवणाऱ्याकडूनच प्रत्येक घर आपली खूण ठोकून घ्यायचं, हातोडी आणि बारीक छिन्नीने, टिंबाटिंबांनी. तानांचा त्रिकोण होता. चियांच्या दोन रेघा. आणि तीन टिंबं वर, एक खाली, ही ओंगांची.

रोझीच्या घरची ताटं. जपान्यांच्या राज्यात पोतंभर तांदळासाठी विकलेली असणार. ती आता रोझीच्याच मेजावर पडली होती आणि रोझीला पत्ता नव्हता. असणार तरी कसा? त्या घरच्या मुलींनी कधी ताट धुतलं होतं?

लियानने मान वर केली. पलीकडच्या मेजावर रोझी गुणगुणत होती. पांढऱ्या लुकणाची बारीक गोळी सुईवर घेऊन ती ताटाच्या पाठीतला एक खड्डा भरत होती.

"देवीचे व्रण आलेत बिचाऱ्यांना," ती म्हणाली. "एकेका ताटाला चार चार. तुझ्या ताटांना पण आहेत का, ताची?"

लियानच्या तोंडाशी आलं होतं. ओठ उघडलेही होते. मग ती म्हणाली, "बघते अजून."

आणि तिने ताट पुन्हा पाण्यात सोडलं.

पुढच्या पाच आठवड्यांत रोझीने चोवीस टिंबं भरली, घासली, वर काचेसारखा थर दिला. लियान रोज ते बघायची. दर भरलेल्या टिंबाला तिला बरं वाटायचं, पायातला काटा निघावा तसं, आणि लगेच अपराधीही वाटायचं. रविवारी देवळात ती पितरांसाठी उदबत्ती लावायची तेव्हा आई दिसायची, विहिरीच्या काठावर, कोपरापर्यंत ओली. लियान नजर चुकवायची. मनाला ती सांगायची, मी काय करणार? खूण आहे म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, तुला कसं माहीत? कोणाकडून ऐकलं म्हणावं तर कोणाचं नाव सांगायचं? साठ वर्षं मणी ओवले ते एका वाक्यात विखुरणार. त्यापेक्षा आपण आपली टिंबं तशीच ठेवावीत. बाबा कोह जुन्या भांड्यांतले जाणकार, त्यांना कळेलच. मग ते विचारतील, आंटी, हे काय केलंत? आणि लियान काही न बोलता बसून राहील.

हे चित्र तिला फार आवडत होतं. झोपण्याआधी ती ते एकदा काढून बघायची.

अठ्ठावीस मेला, शनिवारी सकाळी, बाबा कोह यांनी बारा ताटं आरशाच्या कपाटात लावली. वरच्या फळीवर रोझीची, खाली लियानची. समोरून फारसं डावं-उजवं नव्हतं. लियानच्या ताटांचे टवके कुठे होते ते शोधूनही सापडत नव्हते. रोझीच्या लाटा हलतात की काय, असं वाटत होतं. मग बाबा कोह वाकले आणि त्यांनी आरशात पाहिलं.

"वा!" ते म्हणाले. "आंटी, या पाठी बघा! पुनवेच्या चंद्राला डाग असेल, याला नाही." खाली वाकून ते चुकचुकले. "बिबिक, तुमच्या ताटांना मात्र देवी आलेल्या तशाच. हे कसं राहिलं? तुमच्या हातून?"

त्यांना कळलंच नव्हतं. वीस वर्षं निळी भांडी जमवणारा हा माणूस कधी विहिरीपाशी गेलाच नव्हता.

"अंगठा दुखतो ना तिचा," रोझी लगेच म्हणाली. "मी भरून देते की. दोन दिवसांचं तर काम. ताची, तू बस, मी करते."

हे ऐकलं आणि लियानचा तिळपापड झाला. एक वेळ रोझी जिंकली असती तर तिने गिळलं असतं. पण तिच्या दुखण्याची दया रोझीने करावी?

"हात लावू नकोस त्यांना," ती म्हणाली. "ते व्रण नाहीत. खूण आहे, घराची. आणि तू ती पुसलीस."

"खड्ड्यांना पण आता आडनाव असतं का, ताची?" रोझी हसून म्हणाली.

"असतं. याचं आडनाव ओंग."

बाबा कोह हसले नाहीत. "तुम्हाला कसं माहीत, बिबिक?"

आला प्रश्न. लियानने आपल्या हातांकडे पाहिलं. मग ती टबाजवळच्या स्टुलावर जाऊन बसली.

"मागच्या कपाटातली तुमची दुसरी निळी ताटं आणा. ही पण आणा. मिसळा. टबात पाणी भरा आणि वर टॉवेल टाका. मला दिसायला नको."

बाबा कोह यांनी वीस-बावीस ताटं आणली. टॉवेलखाली लियानचे हात पाण्यात गेले. पाणी गार होतं. पहिलं ताट तिने उलटं केलं, अंगठा एकदा फिरवला. "तान." ताट बाहेर काढून ठेवलं. "हे बिनखुणेचं, बाजारातलं. चिया. चिया. हे ओंग." हात आपोआप चालू लागला, आईच्या हातासारखा, न थांबता. "ओंग. तान. हे कोणाचं माहीत नाही, चांदणी आहे, आमच्या बाजूचं नाही." मग एका ताटावर अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा आला. "इथे लुकण भरलंय. चार ठिकाणी. तीन वर, एक खाली. हे पण ओंग होतं."

टॉवेल काढल्यावर बाबा कोह भिंग घेऊन एकेक ताट बघत राहिले. तानांचे त्रिकोण त्रिकोणच होते.

"माझी आई भांडी घासायची," लियान म्हणाली. "मोठ्या घरांतून. मी तिच्याबरोबर असायची. रोझीचे आजोबा गेले, त्यांच्या शंभराव्या दिवशी ही ताटं मी धुतली आहेत. ओंगांच्या विहिरीवर. नऊ वर्षांची होते."

तिने रोझीकडे पाहिलं. साठ वर्षांनी का होईना, त्या चेहऱ्यावर काहीतरी फुटलेलं तिला बघायचं होतं.

रोझी शांतपणे म्हणाली, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"तू होतीस ते. पिवळी रिबीन होती तुझ्या वेणीला. मी वरच्या खिडकीतून तुला हाक मारणार होते, तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, हाक मारलीस तर ती सोमवारी शाळेत येणार नाही." रोझीने मान खाली घातली. "वर्गात दोघी-तिघींना माहीत होतं, ताची. आम्ही बोललो नाही."

"आणि मण्यांचं? तू मला विचारायचीस, तुझ्या आईला विचार, मोराचा डोळा कसा भरतात?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

लियानला आठवलं. मोराचा डोळा कसा भरतात हे विचारायला ती शेजारच्या आजीकडे गेली होती, आणि त्याबद्दल आजीचे पाय तासभर चेपून दिले होते. दुसऱ्या दिवशी तिने रोझीला रुबाबात समजावून सांगितलं होतं. रोझीने मान डोलावली होती. आठ-नऊ वर्षांच्या त्या पोरीने तिला सांभाळून घेतलं होतं, आणि एवढी वर्षं तिला हे कळलंसुद्धा नाही. ताट हिसकावून घेतलं असतं तर परवडलं असतं. हे म्हणजे ताट धुऊन वर परत हातात ठेवणं झालं. मनाचा मोठेपणाही रोझीच्याच घरचा निघाला!

"तुम्ही दोघी भांडताय की रडताय?" बाबा कोह म्हणाले. "मला कळत नाहीये, बिबिक, चहा मागवू का?"

"मागवा," रोझी डोळे पुसत म्हणाली. "आणि बाबा, कामचेंग ताचीचा. मी माझ्या आजोबांचं नाव लुकणाने बुजवलं आणि वर वाहवा घेतली. माझ्या हातात ते अकरा तुकडे देऊ नका."

"ते मी ठरवणार की तू?" लियान फटकन म्हणाली.

"मी ठरवणार," बाबा कोह म्हणाले. "बिबिक, टोपली तुमची. जोडा. निळा मात्र आंटी भरतील, त्यात वाद नको." त्यांनी खाली मान घालून भिंग पुसलं. "वीस वर्षं मी ही ताटं उलटी करतोय. वीस वर्षं खड्डे म्हणतोय."

दुपारी लियानने रोझीची सहा ताटं आपल्या मेजावर घेतली. नखांचा रंग पुसायचं औषध कापसाच्या बारीक बोळ्यावर घ्यायचं, लुकणावर टेकवायचं, मऊ पडलं की बांबूच्या काडीने उचलायचं. टिंब कुठे आहे ते रोझीला आता सापडत नव्हतं, इतकं तिने ते चांगलं भरलं होतं. ती शेजारी बसून कापूस वळून देत होती.

"इथे?"

"नाही. जरा खाली. बोटाने बघ."

रोझीने अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा. "मला काही लागत नाही गं."

"लागणार नाही," लियान म्हणाली. हे वाक्य तिला दिवसभरात पहिल्यांदा गोड लागलं.

गोडी फार टिकली नाही. चारच्या सुमाराला बाबा कोह कपाटात ठेवायचं कार्ड वाचून दाखवायला आले. जाड कागदावर त्यांनी स्वतः सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ओंग घराण्याची सुतकाची ताटं, बारा. घराण्याच्या खुणेसह. ओंगांच्या नात श्रीमती रोझी लिम यांनी दुरुस्त केली.

"ताचीचं नाव पण घाला," रोझी म्हणाली. "खूण तिनेच ओळखली."

बाबा कोह यांनी पेन काढलं. "काय लिहू, बिबिक? कशी ओळखली, ते पण लिहू ना? लोकांना आवडेल."

लियानने क्षणभर ते पेन बघितलं. "नको," ती म्हणाली. "राहू दे तसंच."

कार्ड कपाटात गेलं. बारा ताटं फळ्यांवर लागली, पाठी आरशात दिसत होत्या, टिंबं स्पष्ट. कालपर्यंत ती मुआरच्या बाजारातली बेवारस ताटं होती. आता ती ओंगांची झाली होती, आणि ओंगांची कोणी केली, तर लियानने. आपण होऊन उचलून दिली होती. रोझी कपाटासमोर उभी राहून काचेवर बोट टेकवत एकेक ताट मोजत होती, लहान मुलीसारखी. तिच्याकडे न बघता लियान मेजाखाली वाकली, टोपली ओढली आणि जुनी दोरी सोडली. सगळ्यात मोठा तुकडा उचलून तिने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड कोरडी आणि धारदार होती, कुठेही भुगा नाही. चांगला जुळेल.

"सुंदर आहे गं," मागून रोझी म्हणाली. "या पक्ष्याच्या पंखात काय निळा आहे, बघितलास? मी आधी कागदावर करून बघते."

"आधी जुळू दे," लियान म्हणाली. "मग पंख काढ."

संध्याकाळी घरी येऊन तिने भात टाकला, आंघोळ केली आणि वही उघडली. कामचेंगची टोपली उघडली, असं लिहिलं. सहा ताटांतलं लुकण काढलं, असं लिहिलं. बाबा कोह यांच्याकडे चहा, बरोबर बिस्किटं. मग पेन थोडा वेळ वर राहिलं. शेवटी तिने लिहिलं: चिंचेच्या बरणीला मुंग्या लागल्या. बरणी पाण्याच्या परातीत ठेवली.